डाव्या हाताची जागा

मुलुंडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेंडूचे ढीग पडायला लागले की मला एक जुनं वर्ष आठवतं. लोकांना ऑक्टोबर म्हणजे घामोळं, पंखा पाचवर ठेवूनही न येणारी झोप आणि दिवाळीची साफसफाई. मला ऑक्टोबर म्हणजे मत्सर. शब्द जरा जड आहे, पण नुसता हेवा म्हटलं तर ते फारच गोड वाटतं. मी त्या वर्षी चक्क जळत होते. बाहेरची काहिली कुठली आणि आतली कुठली, हे मला कळेनासं झालं होतं.

आणि कशावरून, तर कॉम्प्युटरवरून. माझ्या धाकट्या भावाच्या, केदारच्या, नव्या कॉम्प्युटरवरून. गेम खेळायचा कॉम्प्युटर, तोही दुकानातून तयार उचलून आणायचा नाही. प्रोसेसर एका ठिकाणचा, रॅम दुसरीकडची, पंखे तिसरीकडचे, असं एकेक निवडून घरी उभा करायचा. केदार तेव्हा तिशीला टेकला होता. लग्न ठरलेलं, साखरपुडा गणपतीच्या आधी उरकलेला, तुळशीच्या लग्नानंतरची तारीख धरलेली. आईने कपाळावर हात मारून घेतला होता. लग्नाच्या तोंडावर माणसं कपाट घेतात, हा खेळणं घेतोय, म्हणाली.

पण मला ते खेळणं वाटत नव्हतं. कारण ते त्याच्याइतकंच माझंही होतं. निदान माझी तशी समजूत होती.

त्यासाठी मागे जावं लागेल, बोरिवलीच्या घरात. बाबांच्या ऑफिसने मोडीत काढलेला एक कॉम्प्युटर बाबांनी रिक्षातून घरी आणला होता, मांडीवर घेऊन, तान्ह्या बाळासारखा. मी आठवीत, केदार तिसरीत. कॉम्प्युटर एक, खुर्ची एक आणि आम्ही दोघं. सहामाही परीक्षा संपून सुट्टी लागलेली, खिडकीतून पश्चिमेचं ऊन थेट पाठीवर यायचं, आणि आमची भांडणं अशी की खालच्या मजल्यावरच्या बाई वर यायच्या. शेवटी आईने निवाडा दिला. एकाने डावा हात चालवायचा, दुसऱ्याने उजवा. पुन्हा आवाज आला तर वायर काढून पिठाच्या डब्यात ठेवीन.

आईला गेममधलं काही कळत नव्हतं. पण तिचा निवाडा असा चपखल बसला की पुढची आठ-दहा वर्षं आम्ही तसंच खेळलो. अंधाऱ्या बोळांतून पळायचं आणि समोर येईल त्याला गोळी घालायची, एवढाच तो खेळ. त्यात पळायची बटणं कीबोर्डवर, डाव्या हाताला, आणि नेम धरायचा माऊसने, उजव्या हाताने. अर्ध्या खुर्चीवर मी, अर्ध्यावर तो. मी चालायचे, तो मारायचा. पडद्यावरचा माणूस एकच, पण त्याचे पाय माझे आणि डोळे केदारचे. सुरुवातीला ‘डावीकडे घे, अगं डावीकडे’ असं चालायचं. नंतर बोलायची गरज उरली नाही. त्याचा खांदा किंचित ताठ झाला की मला कळायचं, आता मागे सरायचं. पुढे पळायच्या बटणावरचं डब्ल्यूचं अक्षर माझ्या बोटाने पुसून पुसून पार गेलं. तिथे एक गुळगुळीत पांढुरका डाग राहिला.

हे आमचं गुपित नव्हतं, पण कुणाला सांगावं असंही नव्हतं. सांगितलं तर लोक हसले असते. माझं लग्न झालं, मी मुलुंडला आले. त्या दिवशी सगळे रडत होते, आणि केदार मात्र माझ्या कानाशी येऊन म्हणाला, “आता माझं चालणार कोण?” मी रडले ती तेव्हा.

आणि मग आली रेश्मा.

रेश्मा मढची. कोळ्यांची पोर, आईचा मासळीचा धंदा, भावाची होडी. स्वतः अंधेरीला केदारच्याच ऑफिसात. बोलायला चटपटीत, हसायला मोकळी, आणि कामाला अशी की पहिल्यांदा आमच्या घरी आली तेव्हा गळणारा नळ तिने बोलता बोलता घट्ट करून टाकला. नाव ठेवायला जागाच नाही. ज्या माणसाला नाव ठेवायला जागा नसते, त्याचा मला फार राग येतो. त्यात केदारने तिला आमच्या खुर्चीबद्दल, डाव्या-उजव्या हाताबद्दल सगळं सांगून टाकलेलं. साखरपुड्याच्या पंगतीत वाढताना ती मला हसून म्हणाली की तुम्ही चालायच्या ना, ताई? मी नुसती मान हलवली. माझ्या कपाटातली साडी न विचारता कुणीतरी नेसून आल्यासारखं मला वाटलं.

गणपती गेले आणि पितृपक्ष लागला. आईने बजावलं, या पंधरवड्यात नवीन काही घरात आणायचं नाही. केदार म्हणाला, आणत नाही, निवडायला तर बंदी नाही ना? त्यामुळे झालं असं, की खरेदी शक्य नाही आणि निवड संपत नाही. एरवी चार संध्याकाळी उरकला असता तो विषय पंधरवडाभर शिजत राहिला. केदार ऑफिसातून निघाला की मला फोन करायचा. पूर्वी त्या फोनवर आई, पगार, गुडघा, सिनेमा असं सगळं असायचं. आता एकच. आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात एकच. रेश्मा म्हणते.

रेश्मा म्हणते प्रोसेसर फार महागाचा नको, त्यातले पैसे पडद्यावरची चित्रं पळवणाऱ्या ग्राफिक्स कार्डात घालू. रेश्मा म्हणते पॉवर सप्लायमध्ये कंजुषी नको, घराचा पाया आणि याचा पॉवर सप्लाय सारखाच. रेश्मा म्हणते आपली खोली पश्चिमेची, दुपारी तापते, तेव्हा पंखे आधी ठरवू आणि बाकीचं नंतर. हवा कुठून आत येणार आणि कुठून बाहेर जाणार, हे म्हणे तिने आमच्या खिडकीचा कागदावर नकाशा काढून दाखवलं होतं. आमच्या खिडकीचा! ज्या उन्हाने माझी पाठ भाजली त्या खिडकीचा.

मीही मग हट्टाला पेटले. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत मोबाईलवर ते व्हिडिओ बघायला लागले, ज्यात पोरं एकेक भाग हातात धरून तासभर बोलतात. निम्मं डोक्यावरून गेलं, पण निम्मं राहिलं. नवरा एकदा मागून डोकावून म्हणाला, एवढा अभ्यास बी.कॉम.ला केला असतास तर रँक आली असती. मी त्याला पोळ्या वाढल्या आणि पुढचा व्हिडिओ लावला. दुसऱ्या दिवशी फोनवर केदारला मोठ्या तोऱ्यात म्हटलं की रॅम दोन तुकड्यांत घे, एका तुकड्यात घेऊ नकोस. तो म्हणाला, हो, रेश्मा तेच म्हणते.

त्या पंधरवड्यात सुखाची संध्याकाळ एकच आली. केदारचा आवाज उतरलेला होता. खोदून विचारल्यावर कळलं की मदरबोर्डवरून दोघांची जुंपली. मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग ज्या पाटीवर बसतात ती पाटी. याला एक देखणा, चंदेरी, नव्या पिढीचा हवा होता. तिचा हट्ट दुसऱ्याच एका साध्या, जुन्या वळणाच्या मॉडेलवर. कारण विचारलं तर सांगत नाही, नुसतं तोच घ्यायचा म्हणते. दोन दिवस धड बोलली नाही म्हणे.

मी आवाजात जमेल तेवढा मध घालून म्हटलं, “तू तुझं मन मारू नकोस हं. कॉम्प्युटर तुझा आहे.” फोन ठेवला आणि शिरा केला, वेलची घालून. नवऱ्याने विचारलं आज काय विशेष, तर म्हटलं, काही नाही, सहज.

भोंडल्याच्या गाण्यांतली नणंद लहानपणी मला फार खोटी वाटायची. एवढं कुणी वाईट असतं का, असं वाटायचं. असतं. आणि ते वाईट काही चेटकिणीसारखं नखं काढून येत नाही. ते मऊ आवाजात, काळजीने बोलतं आणि मग शिरा हलवतं.

घट बसले आणि खरेदीला मोकळीक मिळाली. मी आपण होऊन म्हटलं, मीही येते लॅमिंग्टन रोडला. तिथली ती एकाला एक लागून दुकानं, रस्त्यावर खोक्यांच्या चळती, थर्माकोलचे तुकडे पायात येतात, आणि वरून ऑक्टोबरचं ऊन. रेश्मा पुढे, केदार तिच्यामागे, मी शेवटी. दुकानदाराने एक पांढरं कॅबिनेट, म्हणजे सगळे भाग ज्यात बसतात ती पेटी, काढून ठेवलं. पुढून काच, बाजूने काच, आत सात रंगांचे दिवे फिरतायत. मला ते खरंच आवडलं. मी म्हटलं, केदार, हेच घे, पांढरं किती छान...

माझं वाक्य संपायच्या आत त्याने तिच्याकडे बघितलं.

बस, एवढंच. त्याने मला नाही म्हटलं नाही, तिनेही काही म्हटलं नव्हतं. पण आयुष्यभर ज्या पोराचा खांदा ताठ झालेला मला न बघता कळत होता, त्याची मान आता दुसरीकडे वळत होती, तीही आपोआप. ती वळताना मी बघितली. अजूनही कधीतरी भाजी चिरताना ती मान मला दिसते आणि सुरी थांबते.

रेश्मा माझ्याशी नीटच बोलली. पुढून काच असेल तर हवा कुठून घेणार, ताई, असं समजावलं. दुकानदार दिव्यांचं कौतुक करत राहिला, तेव्हा त्याला मात्र तिने तिच्या पद्धतीने सांगितलं. “रंग बघून मासा घेत नाहीत, दादा. कल्ला उघडा, मग बोलू.” आणि त्याला एकेक खोकं उघडायला लावून, आतला पत्रा बोटाने दाबून, जाळी उजेडाकडे धरून तिने एक काळं, जाळीदार, साधं कॅबिनेट घेतलं. मढच्या खाऱ्या हवेत त्यांच्या घरातला फ्रीज मागून कसा खाल्ला जातो, टीव्हीच्या आत हिरवं कसं चढतं, हे बघत ती वाढलेली. यंत्राला हवा लागते आणि हवाच त्याला मारते, हे तिला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. मला हे सगळं पटत होतं, आणि पटत होतं म्हणूनच आणखी चीड येत होती. ती चुकली असती तर किती बरं झालं असतं.

मदरबोर्डही शेवटी तिचाच आला. केदारने पडतं घेतलं होतं. म्हणजे माझा शिरा वाया गेला.

माझ्याकडे एक पत्ता शिल्लक होता. मुलुंडहून निघतानाच ठरवलेलं, कीबोर्ड माझ्याकडून. व्हिडिओ बघून बघून मी एक हेरूनही ठेवला होता. बटणं खोल, आवाज दमदार, डाव्या हाताखाली मऊ टेकू. बाकी सगळं तुम्ही दोघं निवडा बापडे, पण चालायची बटणं मी निवडणार. बिल व्हायच्या आधी मी पर्स उघडली आणि सांगितलं.

रेश्मा म्हणाली, “कीबोर्ड नको, ताई.”

मी केदारकडे बघितलं. तो खोक्यांना दोरी बांधत होता, म्हणजे निदान बांधल्यासारखं करत होता. मी पर्स मिटली. त्याची चेन अडकली, ती ओढून ओढून लावली. बरं, म्हटलं, तुमचं ठरलेलं असेल. रेश्मा काहीतरी बोलणार होती, पण मी दुकानाच्या बाहेर जाऊन उसाच्या रसाच्या गाडीपाशी उभी राहिले. परतीच्या लोकलमध्ये मी मनातल्या मनात तिला इतकं बोलले, की घाटकोपर येईपर्यंत माझा घसा खरोखर कोरडा पडला.

दसऱ्याला बोरिवलीला जायचं नाही असंच ठरवलं होतं. गेले, कारण आई. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारांची पूजा होते. बाबांचा पाना-पक्कड, आईची शिवणयंत्राची कात्री, माझी कधीकाळची कंपासपेटी, आणि त्या वर्षी पाटावर मधोमध तो काळा कॉम्प्युटर, बाजूचं दार उघडं ठेवून, आडवा निजवलेला. पूजा झाल्याशिवाय बटण दाबायचं नाही, हा आईचा नियम. रेश्माही आली होती, हिरव्या साडीत. आईने कुंकवाचं बोट पुढे केलं तेव्हा तिने हळूच आईचा हात धरून बाहेरच्या पत्र्याकडे नेला. कुंकू इथे लावूया ना, आई, आत नको. आईने ऐकलं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण माझं असलं काही आईने कधी ऐकल्याचं मला आठवत नाही. झेंडू वाहिला, आपट्याची पानं ठेवली, सगळ्यांनी अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. जरा जोरातच टाकल्या असतील.

कॉम्प्युटर उभा केला. केदारने देवाला हात जोडून बटण दाबलं. पंखे फिरले, एक हिरवा दिवा लागला, आणि आतून आवाज सुरू झाला. टक टक टक टक. केदारचा चेहरा पडला. बाबा म्हणाले, माल खराब लागला वाटतं. आणि मी? मला त्या अख्ख्या ऑक्टोबरमधला पहिला गार श्वास मिळाला. घ्या, मनात म्हटलं, कल्ला उघडून घेतलेला मासा.

रेश्माने बंद केलं. कान जवळ नेऊन, पंखा बोटाने हळू फिरवून तिने ऐकलं. मग आईकडे भुवयांचा चिमटा मागितला. प्रोसेसरवरच्या पंख्यात तो घालून तिने काहीतरी बाहेर काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. कुंकवाने लाल झालेला तांदळाचा दाणा.

“ताई,” ती म्हणाली, “लग्नात टाकायच्या त्या आत्ताच टाकल्यात.”

सगळे हसले. आई तर पदर तोंडाला लावून. मीही हसले, करते काय. तो दाणा मुठीत धरून बसले. पंधरा दिवस खपून निवडलेल्या यंत्रात बिघाड झाला तो नेमका माझ्या हातचा. मी मुद्दाम काही केलं नव्हतं, पण हाताला मनातलं कळतं की काय, अशी शंका मला आली.

“आता कीबोर्ड,” रेश्मा म्हणाली.

केदार आत गेला आणि जे घेऊन आला ते बघून मला बसल्या जागी घाम फुटला. आमचा जुना कीबोर्ड. पिवळट, जाड वायरचा, वर्षानुवर्षं माळ्यावर पडलेला. त्याचं एकेक बटण काढून रेश्माने धुतलं होतं. सगळी अक्षरं लख्ख दिसत होती, फक्त एक सोडून. तिथे माझ्या बोटाचा तो गुळगुळीत डाग तसाच होता.

तोंडातून पहिलं वाक्य निघालं ते अक्कल दाखवायचंच. मी म्हटलं, “हा लागणार नाही. याची पिन गोल आहे, नव्या मशीनला गोल भोक नसतं.” तेवढं मी व्हिडिओ बघून शिकले होते.

रेश्माने कॉम्प्युटर फिरवला. मागे, सगळ्या चपट्या खाचांच्या वर, एक गोल भोक होतं.

केदार म्हणाला, “हिने मदरबोर्ड याच्यासाठी घेतला, ताई. मलाही घेऊन झाल्यावर सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी तुला फोनवर बोलून बसलो असतो.”

मला एकदम तो शिरा आठवला. वेलचीसकट.

त्या क्षणी मला रडू यायला हवं होतं, किंवा तिला जवळ घ्यायला हवं होतं. चांगल्या बाईने तेच केलं असतं. मला मात्र पहिली गोष्ट काय वाटली असेल, तर हेही तिलाच सुचलं. माझी जागा मला परत मिळाली, तीही तिच्या हातून. इतके दिवस मी जिचा दुस्वास केला, तिने माझ्या डाव्या हाताला जागा ठेवायची म्हणून होणाऱ्या नवऱ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. उपकारासारखं जळजळीत दुसरं काही नसतं, असं मला त्या दुपारी वाटलं.

जेवणं होईपर्यंत केदारने बाकीचं सगळं चढवून आमचा तोच जुना खेळ त्यात घातला. एवढा तोफखाना उभा करून पहिला खेळ तो. अर्ध्या खुर्चीवर तो बसला. आम्ही दोघंही आता चांगले रुंद झालोय, मावत नव्हतो. मी डावा हात ठेवला. बोटांना काही विचारावं लागलं नाही. बोळ, वळण, जिना. त्याचा खांदा ताठ झाला, मी मागे सरले. गोळी. तो हसला तसा, तिसरीतल्यासारखा, नाकातून.

तेवढ्यात मागून पान फाडल्याचा बारीक आवाज आला. मान वळवून बघितलं तर रेश्मा आमच्या मागे, भिंतीला टेकून उभी होती. हातात आपट्याचं पान, आणि ती त्याचे बारीक तुकडे करत होती. हसत होती, पण ते हसू ओठांच्या खाली उतरत नव्हतं. ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती त्याच्या खांद्याकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने बघत होती. खुर्चीवर तिसऱ्याला जागा नव्हती. ही खुर्ची तिने स्वतः मांडली होती, आणि आता तिला ती बघवत नव्हती.

तो चेहरा मला पाठ होता. तो मी महिनाभर मुलुंडच्या आरशात बघत होते. आणि त्या क्षणी, पहिल्यांदा, मला ती आवडली.

रेश्मा आता आमच्या घरातलीच झाली. दर दसऱ्याला तिचा फोन येतो, की लवकर या, हा अजून एकटा खेळला की भिंतींना धडकतो. चालायची बटणं शिकायला तिला एक दुपार पुरली असती. ती शिकलेली नाही. अक्षतांची वाटी मात्र तेव्हापासून माझ्या हाती देत नाहीत. आजही खाली झेंडू आलाय, मी दोन माळा घेतल्यात, आणि जायची तयारी करतेय.

त्या दसऱ्याला मी तिला खुणेने जवळ बोलावलं. खुर्चीवर सरकून तिला जागाही करून दिली. पण तो डाव संपल्यावर.